फायरप्लेसमधला बाळकृष्ण

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, आमचा बाळकृष्ण सलग अकरा दिवस जेवला.

जेवला म्हणजे आपण नैवेद्य दाखवतो आणि मग आपणच उचलून खातो, तसा नव्हे. खरोखर जेवला. वाटीतलं लोणी निपटून, साखरेचा कण मागे न ठेवता. शेवटी शेवटी तर वाटीही न्यायला लागला.

याला जबाबदार मी. (आमच्या घरात कशालाही जबाबदार मीच असतो, पण या खेपेला खरोखरच होतो.)

मी मेकॅनिकल इंजिनियर. नोव्हायमध्ये आपले जे असंख्य लोक गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करतात, त्यांतला एक. कुणी दारं करतो, कुणी सीटा करतो, मी एक्झॉस्ट करतो. म्हणजे इंजिनातला धूर मागच्या नळीतून नीट बाहेर कसा जाईल, ते बघतो. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे धुरातलं मला कळतं असा माझा समज होता. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. माझी बायको मृणाल तो कुणालाच विसरू देत नाही.

आदल्या वर्षी आम्ही घर घेतलं. त्याच्या फॅमिली रूममध्ये एक ऐसपैस, विटांची फायरप्लेस होती. तीन बाजूंनी बंद, वर कमान, तोंड पूर्वेला. मी बघताक्षणी म्हणालो, "मृणाल, हा रेडीमेड कोनाडा आहे! देव इथेच मांडायचे."

"अरे, पण ती आग पेटवायची जागा आहे ना?"

"आग कोण पेटवणार? सेंट्रल हीटिंग आहे आपल्याला."

झालं. मी आत संगमरवरी फरशी बसवली, दिव्यांची माळ सोडली आणि जाळी काढून तिथे जरीचा पडदा लावला. घर विकणाऱ्या बाईंनी जाताना बजावलं होतं, की फायरप्लेस वापरण्याआधी धुराडं तपासून घ्या. आम्ही वापरणारच नव्हतो, म्हणून तपासलं नाही. या तर्कात मला आजही चूक सापडत नाही.

एप्रिलमध्ये आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आली. येताना तिनं भाजणी, मेतकूट, रांगोळीचा डबा आणि रुमालात गुंडाळलेला बाळकृष्ण आणला. पितळी, रांगता, अंगठ्याएवढा, हातात लोण्याचा गोळा. लग्नात तिच्या आईनं दिलेला. बाबा गेल्यापासून ती दिवसभर त्याच्याशीच बोलायची. "उठलास का बाळा? थंडी आहे हं आज." विमानतळावर सिक्युरिटीवाल्यानं पर्समध्ये काय आहे विचारलं, तेव्हा तिनं त्याला मराठीत सांगितलं, "माझा धाकटा आहे."

फायरप्लेसमधले देव तिला आवडले. फक्त म्हणाली, "इथे गार वारं येतं रे."

"शक्य नाही, आई. घर पूर्ण इन्सुलेटेड आहे." आणि मी तिला इन्सुलेशन समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उदबत्तीचा धूर बघ कसा सुतासारखा सरळ वर जातो! वैकुंठालाच जात असेल."

"त्याला नॅचरल ड्राफ्ट म्हणतात, आई." आणि मी कागदावर बाण काढून तिला नॅचरल ड्राफ्ट समजावून सांगितला. वीस मिनिटं. धूर सरळ वर जातोय म्हणजे वर कुठेतरी भोक उघडं आहे, हे त्या बाणांतून अगदी स्पष्ट दिसत होतं. मी सोडून कुणाच्याही लक्षात आलं असतं.

मला समजावून सांगायची आवड आहे. जानेवारीत आमच्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात मी 'धूर जातो कुठे?' या विषयावर पाऊण तास बोललो होतो. मृणालनं (माझ्याच आग्रहावरून) ते कॅसेटवर रेकॉर्डही केलं होतं. आईलाही मी रोज संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी समजावून सांगत असे. डिशवॉशर, थर्मोस्टॅट, उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे का करतात. बिचारी दिवसभर एकटी असते, तेवढाच तिचा वेळ जावा, हा हेतू.

तीन आठवड्यांनी आई म्हणाली, "हेमंता, माझं तिकीट अलीकडचं करून दे."

"का गं? काय कमी आहे इथे?"

"कमी काहीच नाही रे. पण नको वाटतं."

मला फार लागलं ते. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्या घरी आली होती, आणि तीन आठवड्यांत तिला जावंसं वाटत होतं. मृणाल म्हणाली, "एकट्या पडल्यात त्या." पुण्याची ताई फोनवर म्हणाली, "सहा महिने नाही सांभाळता आलं तुला आईला?" तिकिटाचा फोन करायचं मी चार दिवस टाळलं.

पाचव्या दिवशी, बुधवारी, बाळकृष्ण जेवला.

आई रोज दुपारी घंटा वाजवून लोणीसाखरेचा नैवेद्य दाखवायची, पडदा ओढायची (जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये म्हणून) आणि वर जाऊन जरा लवंडायची. त्या दिवशी उठून खाली आली तर वाटी रिकामी. आमची नऊ वर्षांची सई म्हणाली, "आय वॉज इन स्कूल, आजी!" मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी घरून काम करत होतो.

"हेमंत, तुझी शुगर बॉर्डरवर आहे," मृणाल म्हणाली.

"मी लोणी खाल्लेलं नाही!"

"दिवाळीत लाडवांच्या वेळी पण हेच म्हणाला होतास."

(दिवाळीत मी खाल्ले होते. पण तो मुद्दा वेगळा.)

गुरुवारी पुन्हा वाटी रिकामी आणि पुन्हा मीच आरोपी! मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे शास्त्रीय चाचणी. "आई, नैवेद्याभोवती रांगोळी पसरून ठेव. जो येईल त्याचे ठसे उमटतील. माझ्या पायाचा नंबर दहा आहे, लक्षात ठेव." शुक्रवारी आईनं संगमरवरावर चाळणीनं पातळ रांगोळी पसरली आणि मी ताठ मानेनं ऑफिसला गेलो.

मीटिंगमध्ये मृणालचा फोन आला. "लगेच घरी ये."

"का? माझे ठसे नाहीत ना?"

"नाहीत. तू ये आधी."

घरी आलो तर आई फायरप्लेससमोर हात जोडून बसलेली, डोळ्यांतून धारा. रांगोळीत हाताचे ठसे होते. इवलेसे. पाच बोटं, तळवा, सगळं जिथल्या तिथे. रांगणाऱ्या बाळाचे असावेत तसे एकापुढे एक, वाटीपर्यंत.

"रांगत आला रे," आई म्हणाली. "माझ्या हातचं लोणी खायला इतक्या लांब आला."

"आई, याला काहीतरी शास्त्रीय..."

"हेमंता, आज काही समजावून सांगू नकोस." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि ते तिकीट राहू दे तूर्त."

स्वयंपाकघरात मृणालनं मला गाठलं. "खबरदार त्यांना काही बोललास तर!"

"अगं, पण कसलातरी प्राणी येतोय घरात!"

"येऊ दे. आल्यापासून आज पहिल्यांदा हसल्यात त्या."

मी गप्प बसलो. पण गुपचूप शोध घेतला. दारं, खिडक्या, बेसमेंट, फ्रिजची मागची बाजू, सगळं पाहिलं. फक्त देवाच्या वर पाहिलं नाही. त्यासाठी देव्हाऱ्यात डोकं घालावं लागलं असतं, आणि आंघोळ केल्याशिवाय तिथे बोट लावायचीही मला परवानगी नव्हती.

आईनं ही गोष्ट फक्त सबनीस मावशींना सांगितली. सबनीस मावशी दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे आलेल्या. रोज सकाळी दोघी पार्कात फिरायला जायच्या. त्यांनीही ती फक्त आपल्या सुनेला सांगितली. संध्याकाळपर्यंत आमच्या ड्राइव्हवेत गाड्या लावायला जागा उरली नाही.

पुढचा आठवडाभर आमच्याकडे नैवेद्यांची रीघ लागली. श्रीखंड, पुरणपोळी, बेसनाचे लाडू, खीर. एवढं सगळं बाळकृष्णाला संपेना, मग उरलेला प्रसाद म्हणून वाटला जाऊ लागला. साक्षात देवाचं उष्टं! बायका चमचा चमचा मागून घेत. सबनीस मावशींचा गुडघा दुखायचा थांबला. कुणाच्या मुलाचं ग्रीन कार्डचं पत्र आलं. मृणालनं मलाही श्रीखंड भरवलं.

"माझी शुगर?"

"प्रसादाला शुगर नसते."

मधूनच भिंतीतून बारीक चिवचिव यायची. आई म्हणायची, "बाळ हसतंय." मी सगळ्यांना सांगितलं की पाण्याचे पाइप तापले की असा आवाज येतो, आणि का येतो ते दहा मिनिटं समजावलं. बायका प्रसाद घेऊन लवकर निघून गेल्या.

अकराव्या दिवशी, शनिवारी, आईनं भजन ठेवलं. सबनीस मावशी धरून अकरा बायका जमल्या. आरतीला घरचा पुरुष हवा म्हणून मला लग्नातला पितांबर नेसवला होता. तो आता कमरेला पुरत नसल्यानं सेफ्टी पिनेच्या भरवशावर होता. भरदुपारी आईनं बाळकृष्णासमोर वाट्या मांडल्या, पडदा ओढला, घंटा वाजवली आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

पडद्यामागून आवाज आला. चप. चप. चप.

अकरा बायकांनी श्वास रोखला. मी एक डोळा किलकिला केला. पडद्याच्या खालून एक हात बाहेर आला. लहानसा, पाच बोटांचा, काळा कुळकुळीत. त्यानं जरा चाचपडून सबनीस मावशींच्या ताटातला लाडू उचलला.

"सावळा!" सबनीस मावशी किंचाळल्या. "सावळा गं बाई हात!"

सगळ्यांनी कपाळं जमिनीला टेकली. मीही टेकलं. (म्हटलं, न जाणो!)

मग पडदा बाजूला झाला आणि तोंड बाहेर आलं. डोळ्यांभोवती काळी पट्टी, मिश्या पांढऱ्या, दोन्ही गालांना श्रीखंड. आमच्याकडे ते तोंड अत्यंत त्रासिकपणे बघत होतं.

"दॅट्स अ रॅकून," सई म्हणाली.

पुढचं मला सलग आठवत नाही. रॅकून म्हणजे आपल्याकडच्या उदमांजराच्या तोऱ्याचा प्राणी, पण अंगानं दांडगा. अर्ध्या बायका सोफ्यावर चढल्या, अर्ध्या माझ्यामागे लपल्या. आरतीचं ताट पालथं झालं. मी घंटा उगारून पुढे सरसावलो आणि नेमकी तेव्हाच सेफ्टी पिनेनं माझी साथ सोडली. बायकांनी दुसऱ्यांदा डोळे मिटले. या गोंधळात रॅकून भेदरलं, हाताला लागेल ते त्यानं धरलं आणि धडपडत वर गेलं. शेवटी पट्ट्यापट्ट्यांची शेपटी तेवढी दिसली.

हाताला लागलं होतं ते म्हणजे बाळकृष्ण.

"माझा बाळ," आई म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मला ती ओरडलेली परवडली असती.

मी पितांबर सावरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या देव्हाऱ्यात डोकं घालून वर पाहिलं. वर आकाश होतं. निळं, एका छोट्या ढगासकट. धुराडं बंद करायची जी लोखंडी झडप असते, ती आम्ही घर घेतल्यापासून सताड उघडी होती.

"एक्झॉस्ट इंजिनियर," मृणाल म्हणाली. बाकी काही नाही, एवढंच.

तासाभरात बॉब आला. घरात शिरलेले प्राणी बाहेर काढणं हाच त्याचा धंदा. त्यानं टॉर्च आणि आरसा घेऊन वर पाहिलं. रॅकून मादी होती. झडपेच्या मागे विटांचा कट्टा असतो, त्यावर ती चार पिल्लं घेऊन बसली होती. बाळकृष्णही तिथेच होता, पिल्लांच्या मधोमध.

"हाऊ लाँग यू बीन फीडिंग हर?" बॉबनं विचारलं.

"फीडिंग नाही, ऑफरिंग," मी म्हणालो.

"रोज एकाच वेळी?"

"हो. घंटा वाजवून."

बॉबनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग, निव्वळ विचारायचं म्हणून विचारलं, की तिनं तोंड घातलेलं कुणी काही खाल्लेलं तर नाही ना? मी छताकडे बघितलं. "हाऊ मेनी?" बॉब म्हणाला.

त्या वीकेंडला मी अकरा घरी फोन केले. तुम्ही रॅकूनच्या वाटीतलं श्रीखंड खाल्लंय, डॉक्टरांना विचारून घ्या, हे वाक्य अकरा वेळा गोड आवाजात बोलून बघा! नशीब, कुणालाही काही झालं नाही. सबनीस मावशी तर म्हणाल्या, "काही असो, माझा गुडघा अजून बरा आहे."

बॉबचं म्हणणं असं, की मादीला पकडलं तर पिल्लं उपाशी मरतील. त्यापेक्षा तिला तिथे राहणं नकोसं करा, म्हणजे ती पिल्लं उचलून आपणहून जाईल. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"म्हणजे बाळंतीण आहे ती?"

"हो."

"ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढायचं? बाळ गेला माझा तरी चालेल, हेमंता, पण हे माझ्या हातून होणार नाही!"

"अगं, तिची आणखी दोन-तीन घरं असतात म्हणे जंगलात."

आईनं विचार केला. "म्हणजे माहेरी गेल्यासारखं?"

"साधारण तसंच."

"मग ठीक आहे. पण धूर करायचा नाही, काठी घालायची नाही आणि चारच्या चार पिल्लं गेलेली मी मोजणार." मग हळूच म्हणाली, "बाळ हातात आला की माझं तिकीट बघ मात्र."

पुन्हा तिकीट! म्हणजे चमत्कारही गेला, देवही गेला आणि आता आईही जाणार. आणि हे सगळं मी उघडी ठेवलेल्या एका झडपेमुळे. त्या रविवारी मला स्वतःचा इतका राग आला, की मी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही.

बॉबच्या सांगण्यावरून फायरप्लेसमध्ये प्रखर दिवा लावला आणि रेडिओ ठेवला. बातम्या लावल्या, वर ढिम्म हालचाल नाही. बेसबॉलची कॉमेंट्री लावली, तरी नाही. मग बाळंतिणीला कंटाळा येईल म्हणून आईनं भजनांची कॅसेट लावली. वरची चिवचिवच थांबली.

"झोपली बघ पोरं," आई समाधानानं म्हणाली.

मी वैतागून बॉबला फोन केला. तो म्हणाला, गाणी नकोत. माणसाचा आवाज हवा. पुरुषाचा असेल तर उत्तम. एका सुरात, न थांबता, दुसऱ्या कुणाला मध्ये बोलू न देता चाललेला.

मी हे मोठ्यानं सांगितलं. मृणालनं आईकडे पाहिलं. आईनं मृणालकडे पाहिलं. सासू-सुनेचं इतकं एकमत त्याआधी आणि त्यानंतर मी कधी बघितलेलं नाही.

"कॅसेट कुठे आहे?" आई म्हणाली.

सोमवारी दुपारी मी ऑफिसातून मुद्दाम लवकर आलो. बॉब शिडी घेऊन हजर होता, सईची शाळा सुटली होती. कॅसेट लावून आम्ही मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो. उघड्या खिडकीतून माझा आवाज येत होता. "नमस्कार! धूर म्हणजे नेमकं काय, याचा आपण कधी विचार केला आहे का?" मला तर ते पुन्हा ऐकतानाही रंजक वाटलं.

सव्विसाव्या मिनिटाला, भाषणाचा खरा गाभा नुकता कुठे सुरू होत असताना, धुराड्याच्या टोकावर रॅकून उगवली. तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. छपरावरून ती मेपलच्या झाडावर गेली, तिथून खाली उतरली आणि मागच्या झाडीत दिसेनाशी झाली. मग परत आली. दुसरं पिल्लू. मग तिसरं.

"एवढी घाई?" बॉब घड्याळाकडे बघत म्हणाला. "सहसा दोन-तीन दिवस लागतात." त्यानं कॅसेटची कॉपी मागितली.

चौथ्या फेरीला ती टोकावर क्षणभर टेकली.

"दमली बिचारी," आई म्हणाली.

"दमली नाही, आई," मृणाल म्हणाली, "परत आत जाऊन ऐकावं लागलं ना तिला."

चार पिल्लं मोजून झाल्यावर बॉबनं कट्ट्यावरून ऐवज काढला. तीन वाट्या, सबनीस मावशींचा चमचा आणि काजळीनं काळाठिक्कर झालेला बाळकृष्ण. आईनं त्याला चिंच लावून घासला, दुधानं आंघोळ घातली, कोमट पाण्यानं धुतला आणि पदरानं पुसून तळहातावर घेतला. "काय रे बाळा? नीट ठेवलं ना तिनं तुला?" देव आता दिवाणखान्यात कपाटावर गेले. फायरप्लेसची झडप बॉबनं बंद केली, कारण मला करू देण्यात आली नाही.

संध्याकाळी चहाला बसलो. मी चाचरत विचारलं, "मग, तिकिटाचं बघू का उद्या?"

आईनं कप खाली ठेवला. "नको. राहते मी सहा महिने. पण एका अटीवर. चहाच्या वेळी काही समजावून सांगायचं नाही."

"काही म्हणजे काहीच नाही? का?"

मृणाल साखर आणायला म्हणून उठून स्वयंपाकघरात गेली. साखर टेबलावरच होती.

"मी एप्रिलमध्ये तिकीट का मागत होते, असं वाटतं तुला?"

"एकटं वाटत होतं म्हणून ना?"

"छे रे! दिवसभर मी मजेत असायचे. सबनीस होत्या, बाळ होता, टीव्ही होता." आईनं माझ्या हातावर मायेनं हात ठेवला. "संध्याकाळी तू यायचास. ती सव्वीस मिनिटांत निघाली, हेमंता. मी तीन आठवडे काढले. आई आहे रे मी तुझी."